दार उघडते, पण गाडी सुरू होत नाही

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी गाडीच्या किल्लीविषयी होती, म्हणून हा संपूर्ण भाग त्याच विषयाला दिला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून वाचकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षे जुन्या हॅचबॅकच्या किल्लीचे प्लास्टिक फुटले, म्हणून एसटी स्टँडजवळच्या किल्लीवाल्याकडून नवे फ्लिप कव्हर बसवून घेतले. त्याने पाते नवे कापले आणि बटणांची पट्टी जुनीच आत घातली. आता रिमोटने दारे उघडतात, किल्ली लॉकमध्ये फिरते, सेल्फही फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॅटरी आणि पेट्रोल पंप तपासून झाले. बिघाड गाडीत आहे की किल्लीत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बिघाड बहुधा दोन्हींत नाही. आपल्या किल्लीतली चिप जुन्या कव्हरमध्येच राहिली असावी. ते कव्हर टाकून दिले असेल तर आधी कचऱ्याचा डबा पाहावा आणि मग पुढचे वाचावे.

आपण जिला एक किल्ली म्हणतो तिच्यात खरे तर तीन किल्ल्या असतात आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. पहिली म्हणजे धातूचे पाते. ते फक्त कुलूप फिरवते. दुसरी म्हणजे रिमोट. बटण दाबले की सेलवर चालणारी ती छोटी पट्टी रेडिओ संदेश पाठवते आणि दारांची कुलपे उघडतात. तिसरी म्हणजे चिप, आणि बहुतेकांना तिचा पत्ताच नसतो. तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी काचेची नळी किंवा काळ्या रंगाची इवलीशी वडी, असे तिचे रूप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. किल्ली घालून फिरवली की त्या वेटोळ्यात साधारण १२५ किलोहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्यातूनच चिपला क्षणापुरती वीज मिळते. त्या वीजेवर ती आपली ओळख सांगते. अलीकडच्या गाड्यांत नुसती ओळख पुरत नाही, तर गाडी दर वेळी वेगळा आकडा पाठवते आणि चिपने गुप्त सूत्र वापरून त्याचे उत्तर काढून द्यावे लागते. उत्तर जुळले नाही, तर इंजिनाचा संगणक इंधन किंवा ठिणगी अडवून धरतो. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. अनेक गाड्यांत सेल्फ या साखळीच्या बाहेर असतो, त्यामुळे तो बिचारा फिरत राहतो आणि मालक पेट्रोल पंपावर संशय घेतो.

काही किल्ल्यांत ही चिप बटणांच्या पट्टीवरच जोडलेली असते, त्यामुळे पट्टी हलवली की चिपही आपोआप हलते. आपल्या किल्लीत ती वेगळ्या खाचेत दाबून बसवलेली असावी, आणि घाईत ती खाच पाहायची राहून गेली असावी. खात्री करण्याची रीत सोपी आहे. जुने कव्हर लॉकच्या तोंडाला अगदी चिकटवून धरावे आणि नवी किल्ली फिरवावी. इंजिन सुरू झाले, तर चिप जुन्या कव्हरात आहे हे सिद्ध झाले. ती नख किंवा बारीक पातीने हलकेच सोडवून नव्या कव्हरात बसवावी. पकडीने ओढू नये, कारण काचेची चिप चटकन तडकते. मीटरच्या पट्ट्यावर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह भराभर लुकलुकत असेल, तर तेही चिप ओळखली गेली नसल्याचे लक्षण आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. आपले नवे पाते जुन्या, झिजलेल्या पात्यावरून कापले असेल, तर जुन्याची झीजही त्यात उतरली आहे. गाडी नवी घेतली तेव्हा किल्ल्यांसोबत क्रमांक कोरलेली एक छोटी चकती मिळाली असेल. त्या क्रमांकावरून कापलेले पाते कुलपात अधिक सहज फिरते.

प्रश्न : दोनपैकी एक किल्ली हरवली. शोरूममध्ये सांगतात की नवी मागवायला आठ-दहा दिवस लागतील, कागदपत्रे द्यावी लागतील, आणि उरलेली किल्ली व गाडी दोन्ही आणावी लागतील. बाजारात एक जण निम्म्या पैशांत, तासाभरात करून देतो म्हणतो. एक किल्ली शिल्लक असताना एवढी घाई करावी का, आणि कोणाकडून करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : घाई करावी, आणि ती एक किल्ली शिल्लक आहे म्हणूनच करावी. मी स्वतः हे काम चार महिने पुढे ढकलले आणि उरलेली किल्ली हरिहरेश्वरला समुद्रार्पण केली. गाडी गिअरमध्ये होती, हँडब्रेक लावलेला होता, स्टीअरिंग लॉक झालेले होते. म्हणजे साध्या ओढगाडीचा उपयोग नव्हता, ती सपाट ट्रकवर चढवावी लागली. पुढे सगळे काम शून्यापासून झाले. एक किल्ली हातात असताना जे काम नोंदणीपुरते असते, तेच शेवटची किल्ली गेल्यावर वाहतूक, सुरक्षा कोड आणि काही गाड्यांत इमोबिलायझरचा भागच बदलण्यापर्यंत जाते.

शोरूमवाले उरलेली किल्ली का मागतात, हे समजून घेतले की पुढचा निर्णय सोपा होतो. प्रोग्रॅमिंग या शब्दामुळे किल्लीत काहीतरी भरले जाते असे वाटते, पण मुख्य काम गाडीत होते. कोणकोणत्या चिपांना दाद द्यायची याची यादी गाडीच्या संगणकात असते. अनेक गाड्यांत नवी किल्ली नोंदवताना ही यादी आधी पुसली जाते आणि त्या वेळी समोर असलेल्या किल्ल्या एकेक करून पुन्हा लिहिल्या जातात. उरलेली किल्ली घरी ठेवून गेलात, तर तीही यादीतून जाईल. पण त्याच पुसण्यामुळे हरवलेली किल्लीही निकामी होते, आणि आपल्याला तेच हवे आहे. काही गाड्यांत मात्र जुनी यादी तशीच ठेवून नवे नाव जोडता येते, म्हणून ‘हरवलेली किल्ली यादीतून काढली का?’ हा प्रश्न तोंडाने विचारावा आणि उत्तर कामाच्या कागदावर लिहून घ्यावे. इंजिन सुरू होणे थांबले, तरी हरवलेल्या किल्लीचे पाते दाराच्या कुलपात फिरतच राहते, हे विसरू नये. किल्ली घराच्या पत्त्यासह हरवली असेल, तर कुलपांचा संच बदलण्याचा खर्च मला वावगा वाटत नाही.

आता बाजारातला माणूस. सरसकट त्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. या धंद्यात वर्षानुवर्षे असलेल्या कित्येकांकडे उत्तम यंत्रे असतात आणि हातही साफ असतो. मात्र तो ‘डुप्लिकेट’ म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टींपैकी कोणती करणार आहे, हे विचारून घ्यावे. एका पद्धतीत तो डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या जोडणीला यंत्र लावून नवी चिप गाडीच्या यादीत नोंदवतो. दुसऱ्या पद्धतीत तो गाडीला हातही लावत नाही. आपल्या चिपची ओळख कोऱ्या चिपवर उतरवून देतो. हा क्लोन. गाडीला दोन किल्ल्या एकच वाटतात आणि गाडी बिनतक्रार सुरू होते, पण यादीला धक्का न लागल्यामुळे हरवलेली किल्लीही तितकीच जिवंत राहते. किल्ली कशी हरवली हे ठाऊक नसेल, तर क्लोन घेऊ नये. ती खाडीत पडल्याचे डोळ्यांदेखत पाहिले असेल, तर क्लोनने काम भागते, एवढेच मी म्हणेन. नोंदणी करून घ्यायची असेल, तर गाडीची बॅटरी सशक्त असावी. मध्येच व्होल्टेज पडले, तर नोंदणी अर्धवट राहते आणि चालणारी किल्लीही रुसून बसते. काम आपल्यासमोर व्हावे, बिल घ्यावे, आणि किल्ली रात्रभर दुकानात ठेवू नये. जो माणूस आरसी पुस्तक आणि ओळखपत्र न पाहता किल्ली करून द्यायला तयार होतो, तो ती आणखी कोणालाही करून देईल.

विम्याचा भाग थोडक्यात. गाडी चोरीला गेल्यावर दावा करताना विमा कंपनी सहसा सर्व किल्ल्या जमा करायला सांगते, आणि एक कमी असली की विचारपूस सुरू होते. म्हणून किल्ली हरवल्याची नोंद पोलिसांकडे आजच करावी, तिची प्रत ठेवावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ही नोंद ऑनलाइनही करता येते. पॉलिसीत किल्लीसाठीचे जादा संरक्षण घेतले आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच पाहावे.

प्रश्न : आमच्या पुश-स्टार्ट गाडीने त्र्यंबकहून परतताना ‘किल्ली आढळली नाही’ असा संदेश दाखवला आणि बटण दाबूनही ती सुरू झाली नाही. रिमोटचा सेल संपला होता. अशा वेळी काय करावे? शिवाय अशा गाड्या किल्लीशिवायही चोरता येतात, हे खरे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सेल संपला, तरी वर सांगितलेली बिनसेलची चिप आपल्या रिमोटमध्येही असते. ब्रेक, किंवा गिअरची गाडी असल्यास क्लच, दाबून रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवावा आणि त्यानेच बटण दाबावे. बहुतेक गाड्या सुरू होतात. काही गाड्यांत रिमोट ठेवण्याची खाच कन्सोलमध्ये किंवा जागेची खूण स्टीअरिंगच्या खांबावर असते; ती जागा मॅन्युअलमध्ये आज शोधून ठेवावी, घाटात मोबाइलच्या उजेडात शोधू नये. दार उघडण्यासाठी रिमोटच्या पोटात धातूचे छोटे पाते असते आणि त्याचे भोक अनेकदा चालकाच्या दाराच्या मुठीवरील टोपणाखाली लपवलेले असते. पात्याने दार उघडल्यावर भोंगा वाजू लागला, तर घाबरू नये. गाडी सुरू झाली की तो थांबतो.

सेल बहुधा सीआर २०३२ असतो, पण उघडून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये. या आकड्यातच माप लिहिलेले आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. जुना सेल काढल्यावर तो घरात लहान मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावा. या आकाराचा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. तशी नुसती शंका आली, तरी थेट रुग्णालय गाठावे.

चोरीचे म्हणाल, तर ते खरे आहे. गाडी जवळपासच्या किल्लीला हलक्या आवाजात हाक मारते आणि किल्ली ‘ओ’ देते, अशी ही व्यवस्था आहे. एक चोर गाडीजवळ आणि दुसरा आपल्या दाराबाहेर उभा राहून ती हाक यंत्राने लांबवर पोहोचवतो. किल्ली शू-रॅकवर पडल्या पडल्या इमानाने उत्तर देते. सांकेतिक सूत्र कितीही अवघड असले, तरी येथे ते फोडावेच लागत नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग यशस्वी करून दाखवला होता. त्यानंतर काही कंपन्यांनी किल्ली स्थिर पडून राहिली की ती झोपी जाईल अशी सोय केली. आपल्या गाडीत ती नसेल, तर किल्ली धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवावी. पाकीट खरे की खोटे, हे पाहण्यासाठी किल्ली त्यात घालून गाडीपाशी जावे आणि मूठ ओढावी. दार उघडले, तर पाकीट परत करावे.

प्रश्न : जुनी गाडी घेतली आणि मालकाने एकच किल्ली दिली. दुसरी त्याच्याकडेच असेल तर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : असू शकते. गाडीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत, हा आकडा बहुतेक गाड्यांत स्कॅनरवर दिसतो. कार्यशाळेत तो वाचून घ्यावा. आकडा दोन निघाला, तर नवी किल्ली करतानाच यादी पुसून घ्यावी. पुढच्या वेळी व्यवहारात दुसऱ्या किल्लीची किंमत वजा करूनच भाव बोलावा.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या कोल्हापुरातील गाडीसाठी मी इथून, त्याच मॉडेलचा स्वस्त रिमोट ऑनलाइन घेऊन पाठवला. तिथे तो नोंदवला जात नाही. बटणेसुद्धा तशीच आहेत. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : बटणे तशीच असली, तरी वारंवारिता वेगळी असणार. अमेरिकेतील अनेक गाड्यांचे रिमोट ३१५ मेगाहर्ट्‌झवर बोलतात, तर भारतातील सहसा ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर, त्यामुळे आपला रिमोट बोलतो आहे, पण वडिलांची गाडी त्या पट्ट्यावर कानच देत नाही. तो वापरलेला असेल, तर आणखी एक अडचण असते: कित्येक स्मार्ट किल्ल्या पहिल्या गाडीशी एकदा बांधल्या गेल्या की दुसऱ्या गाडीला स्वीकारत नाहीत. रिमोट परत करता येत असेल तर करावा, आणि वडिलांना चासी नंबर घेऊन तिथल्याच कार्यशाळेत पाठवावे.