खारीच्या शिकारीला पहिल्यांदा निघालायस तर

अरे, पेनसिल्व्हेनियात नवशिक्याला आधी शिकारीचा कोर्स आणि लायसन्स लागतं, ते उरकून घे. अंगावर भडक नारिंगी जॅकेट हवंच. दिवसाची मर्यादा सहा खारी. पहिल्या दिवशी एक मिळाली तरी खूप झालं.

ऑक्टोबरात पाचोळा इतका वाजतो की चालत शिकार होत नाही. शॅगबार्क हिकरीचं झाड शोध (अक्रोडाच्या कुळातलं, त्याची फळं खारी खातात), त्याची साल लांब पट्ट्यांनी सुटलेली असते. खाली टरफलं बघ: ताजी कुरतडलेली हिरवट-ओलसर, जुनी काळपट. ताजी दिसली की तिथेच बुंध्याला टेकून बस आणि वीसेक मिनिटं ढिम्म हलू नकोस. उन्हं कलली की हालचाल वाढते. खार बिलंदर, तू दिसलास की खोडाच्या पलीकडे सरकते. पलीकडे एक काटकी भिरकाव, बहुतेक वेळा खार वळसा घालून तुझ्या बाजूला येते.

मागे नुसतं आभाळ असेल तर चाप ओढायचाच नाही. पॉइंट बावीस रायफलची गोळी मैलभरही जाते. मागे जाड खोड किंवा चढ हवा.

सोलण्याआधी कातडं भिजव, नाहीतर केस मटणाला चिकटतात. म्हातारी खार चिवट, कुकरच्या शिट्ट्या जास्त काढ. कांदा-खोबऱ्याचं वाटण मस्त लागतं.