वेगवेगळ्या देशांतून दत्तक घेतलेली मुलं, मोठं घर: आमच्यासारखी माणसं कुठं भेटतील?

ताई, तुम्ही मूळच्या खानापूरच्या, आता अमेरिकेत. सहा मुलं, त्यातली चार दत्तक: दोन भारतातली (थोरला मुलगा बेळगावच्याच संस्थेतला), एक कोलंबियाची, एक इथिओपियाचा. महाराष्ट्र मंडळात गेलं की मुलं वेगळी पडतात, दत्तक पालकांच्या मेळाव्यात गेलं की तुम्ही दोघं वेगळे पडता, आणि आता सगळ्यांना घेऊन गावी यायचं म्हणून धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. माझी आक्का मिनेसोटात असते. तिचंही घर असंच, मुलं तुमच्यापेक्षा एक जास्तच. मी तिच्याकडं राहून आलोय, आणि ती वरात इथं बेळगावच्या वडगावात उतरली की सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात असते, म्हणून लिहितो.

हुबेहूब आपल्यासारखं घर शोधायचं आधी सोडा. तीन देशांची मुलं आणि मराठी आईबाप असं दुसरं घर सापडलंच तर ते विमानाच्या अंतरावर असणार. आक्कानं पहिली काही वर्षं त्यातच घालवली. मग तिनं कुणाला काय हवंय ते वेगळं केलं, आणि तिथून गाडी रुळावर आली.

तुम्हा दोघांना हवी ती सहा-सात पोरं सांभाळणारी माणसं. बारा जणांची व्हॅन कुठली घ्यावी, नव्यानं आलेलं मूल रात्रभर जागतं तेव्हा बाकीच्यांची शाळा कशी सांभाळावी, अमेरिकेच्या २०००च्या कायद्यानं नागरिकत्व आपोआप मिळालं असलं तरी त्याचा दाखला वेळेत का काढून ठेवावा, हे त्यांच्याइतकं कुणी सांगत नाही. पण तिथली अशी बरीच घरं चर्चच्या भोवती जमलेली असतात. त्याला इतिहास आहे. १९५५ मध्ये ऑरेगनच्या होल्ट नवरा-बायकोनं स्वतःची सहा मुलं असताना युद्धानंतरच्या कोरियातून आणखी आठ आणली, त्यासाठी अमेरिकन संसदेला खास कायदा करावा लागला. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते, आणि ते वळण अजून टिकून आहे. आक्काला तिथं जेवणाआधीच्या प्रार्थनेचं काही वाटलं नाही. "देवानं आमच्याकडून किती मुलं वाचवून घेतली" हा सूर मात्र तिला खुपायचा, आणि मलाही तो मुलांच्या कानावर पडू नये असंच वाटतं. कामापुरतं जावं, चार चांगली माणसं धरावीत, बाकी सोडावं.

मुलांना यातलं काहीच नको असतं. त्यांना त्यांच्या आधी या वाटेनं गेलेली माणसं हवी असतात. दत्तक म्हणून वाढलेली, आता पंचविशी-तिशीतली. मिनेसोटात कोरियातून आलेल्या दत्तक मुलांची मोठी वस्ती आहे, त्यातली कितीतरी आता स्वतः आईबाप आहेत. आक्काची भारतातली मुलगी कुणा भारतीय काकूपेक्षा एका कोरियन दत्तक ताईशी जास्त मोकळी झाली, कारण "तुझे खरे आईवडील कोण?" हा प्रश्न दोघींनी शाळेत ऐकला होता. कोलोरॅडोत दरवर्षी हेरिटेज कॅम्प, म्हणजे दत्तक मुलांना जन्मदेशाची ओळख करून देणारी शिबिरं, भरतात, त्यात भारत-नेपाळच्या मुलांचाही असतो. सहाही जणांना घेऊन जा, पण एकेका मुलाच्या देशासाठी एकेक वेळ ठेवा. इथिओपियाच्या पोराला तर आधी त्याचे केस नीट कापणारा न्हावी आणि त्याच्या रंगाचे शेजारी हवेत, कॅम्प नंतर.

आणि हे लांबणीवर टाकू नका. २००४ मध्ये अमेरिकेत परदेशातून जवळपास २३ हजार मुलं दत्तक आली, २०२३ मध्ये तेराशेच्या आत. इथिओपियानं २०१८ मध्ये बंद केलं, चीननं २०२४ मध्ये. पालकांचे जुने गट पोरं मोठी झाली तसे विरत चाललेत.

आता बेळगावचं. इथं दत्तक कुणाला नवं नाही. चन्नम्मा चौकातून रोज जातो आपण. कित्तूरच्या राणीनं शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, इंग्रजांनी ते मानलं नाही, आणि १८२४ ची लढाई त्यावरूनच पेटली. निपाणीपलीकडं कागलच्या घाटग्यांचा मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. पण हे दत्तक गादीसाठी, वंशासाठी, तेही बहुधा भाऊबंदांतलंच. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यावरही तीच छाप आहे: घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. बालन्याय कायद्यात ती अट नाही, पण आपल्या मावश्या-आत्यांच्या डोक्यात जुनाच हिशेब असतो. त्यामुळं पोटची दोन असताना आणखी चार, त्यात मुली, त्यात परक्या देशातल्या, हे त्यांच्या कुठल्याच खणात बसत नाही. मग "पुण्याचं काम केलंस गं" म्हणतात, नाहीतर "ह्यातली तुझी कुठली?" विचारतात. पोरांसमोरच. जातही विचारतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आम्ही हे असं निभावलं: आक्का यायच्या आधी मी थोरल्या आत्याला गाठलं. तिला मुलांचे फोटो दाखवले, नावं पाठ करून घेतली, आणि काय विचारायचं नाही ते स्पष्ट सांगितलं. पुढं भाऊबंदांत कुणी तोंड उघडलं की आत्याच कडाडायची, "सगळी आमचीच आहेत, पानं वाढा." आपल्याकडं असलं काम म्हाताऱ्या बाईनंच करावं. तरुणानं सांगितलं तर शहाणपणा वाटतो.

इथं दत्तक घेतलेली घरं आहेत, पण बहुतेकांनी गल्लीत सांगितलेलं नसतं, कधी मुलालाही नसतं. तुमची पोरं हे उघड बोलणार. म्हणून कुणाच्या ओळखीनं अचानक दारात जाऊ नका. ज्या संस्थेतून मुलगा घेतलात तिथल्या समुपदेशकांना विचारा, भेटायला तयार असलेली घरं त्यांना ठाऊक असतात.

थोरल्याला जन्माचा शोध घ्यायचा असेल तर तो रस्ता वेगळा. अठरा पुरी नसतील तर अर्ज तुमच्यासोबत, नंतर त्याचा त्याला करता येतो: संस्थेकडं, 'कारा'कडं (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची यंत्रणा) किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं. बेळगावात त्या कचेरीच्या पाटीवर 'जिल्हा मक्कळ रक्षणा घटक' दिसेल, आणि कागद कन्नडमध्ये असणार, तेव्हा वाचता येणारं कुणी बरोबर न्या. जन्मदात्यांनी ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी त्यांची संमती लागते. तिसऱ्या माणसानं शोध घेणं नियमात बसत नाही. गावातला एखादा हौशी पुढारी "मी काढतो शोधून" म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. हा निर्णय मुलाचा आहे, सुट्टीच्या कार्यक्रमात तो आपण घालू नये.

यायचं कधी? तुमच्या पोरांना सुट्टी जून-जुलैत, तेव्हा खानापूरला झड लागलेली असते आणि आठ माणसं दिवसभर घरात कोंडली की भांडणं ठरलेली. जमलं तर वैशाखातल्या शिवजयंतीला या, शाळेची थोडी बुडाली तरी चालेल. चित्ररथांच्या रात्री अख्खं बेळगाव रस्त्यावर असतं, कोण कुणाचं मूल ते बघायला कुणाला फुरसत नसते. राहायला टिळकवाडीकडं वेगळं घर भाड्यानं घ्या आणि माहेरी जेवायला जा. आक्काची मंडळी आमच्या एका न्हाणीघरात मावली नव्हती.