पट्टी कापलेल्या जुन्या बेसबॉल कार्डाची किंमत किती घटते?

आपल्याकडील बेसबॉल कार्ड (खेळाडूचे चित्र छापलेले, जमवण्याचे कार्ड) १९५२ सालचे, रेड मॅन तंबाखूबरोबर मिळालेले, बेसबॉलपटू विली मेझचे आहे आणि त्याची खालची पट्टी कापलेली असल्यामुळे ते निकामी झाले का, असे आपण विचारले आहे. निकामी तर ते मुळीच नाही. मी अमेरिकेत राहून याच काळातील कार्डे जमवतो, आणि माझ्या मते कार्डाचा किती भाग गेला यापेक्षा तो का गेला आणि त्याच प्रकारचे अखंड कार्ड बाजारात सहज मिळते का, यावर किंमत ठरते.

रेड मॅनने १९५२ ते १९५५ या काळात काढलेली कार्डे पट्टीसह साधारण साडेतीन इंच रुंद आणि चार इंच उंच असत. खालची अरुंद पट्टी कापून जमवायची आणि कंपनीकडे पाठवून बेसबॉलची टोपी मिळवायची, अशी ती योजना होती. पट्टी कापणे हाच तिचा उपयोग असल्यामुळे बिनपट्टीची कार्डे आज मोठ्या संख्येने आढळतात आणि पट्टीसकट टिकलेल्या कार्डांना बरीच जास्त किंमत मिळते. मात्र संग्राहक बिनपट्टीच्या कार्डांचा वेगळा वर्ग मानतात आणि त्यांची तुलना त्याच वर्गात करतात. आपण मोजपट्टीने उंची मोजून पाहावी: ती साडेतीन इंचांहून थोडी जास्त भरली आणि काप सरळ असला, तर नुकसान तेवढ्यावरच थांबते, कात्री तिरकी जाऊन चित्रात शिरली असेल, तर किंमत आणखी उतरते.

फाटून तुकडा गेला असेल तर हिशेब निराळा. सर्वसाधारण खेळाडूच्या कार्डाचा कोपरा गेला की त्याला जवळजवळ कोणीच विचारत नाही, कारण दुसरे धडके कार्ड थोड्या पैशांत मिळते. याउलट सिगारेटबरोबर मिळणाऱ्या टी-२०६ या जुन्या कार्डसंचातील बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या कार्डाच्या सुमारे ६० प्रतीच ज्ञात आहेत. त्यांपैकी एक फाटलेली, जेमतेम अर्धी उरलेली प्रत फेब्रुवारी २०२२ मध्ये लिलावात ४,७५,९६० डॉलरला गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमी दर्जाची, पण अखंड असलेली प्रत ७२.५ लाख डॉलरला विकली गेली. म्हणजे अर्ध्या कार्डाला अर्धी नव्हे, तर साधारण पंधराव्या हिश्श्याची किंमत आली, आणि तरीही ती रक्कम थक्क करणारी आहे.

दर्जा ठरवणाऱ्या पीएसए या संस्थेच्या सर्वांत खालच्या, म्हणजे १ या श्रेणीत एखाद-दुसरा लहान तुकडा नसलेले कार्ड बसते. त्याहून मोठा भाग गेला, तर आकडा न देता कार्ड केवळ अस्सल असल्याचे नमूद केले जाते. बनावट प्रतींचा सुळसुळाट असलेल्या महागड्या कार्डांच्या बाबतीत तेवढा शिक्काही मोलाचा ठरतो.

एक कळकळीची विनंती आहे. कडा नीट दिसाव्यात म्हणून कार्ड कातरू नये आणि दुसऱ्या कार्डाची पट्टी आणून चिकटवू नये. वापरताना कापली गेलेली पट्टी संग्राहक समजून घेतात, पण नंतर केलेली अशी कारागिरी लपवून विकणे ही सरळ फसवणूक आहे. किंमत काढताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे न पाहता, मेझच्या १९५२ सालच्या बिनपट्टीच्या कार्डाचे प्रत्यक्ष झालेले व्यवहार पाहावेत आणि कोपरे, घड्या व रंग यांची स्थिती आपल्या कार्डाशी जुळणारेच व्यवहार विचारात घ्यावेत.