घरात बीपी आणि शुगर दोन्ही आहे, आजार लांब ठेवायला रोजच्या खाण्यात काय बदल करू?

तुम्ही लिहिलंय की आईला बीपी, वडिलांना शुगर, तुमचं वय बत्तीस, अजून त्रास काही नाही, आणि विचारताय की कुठली पावडर किंवा सुपरफूड सुरू करू. मी डायटिशियन आहे, हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत स्पष्ट आहे, नवीन काही सुरू करायच्या आधी रोज पोटात काय जातंय ते बघा. एखाद्या दिवशी केक खाल्ला म्हणून शुगर होत नाही हो, रोज थोडं थोडं मीठ नि साखर जाते ना, जिचा आपण हिशोबच धरत नाही, ती वर्षानुवर्षं साचून नडते.

मिठाचंच बघा. डब्ल्यूएचओ मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात स्वयंपाकातलं, वरून घेतलेलं, ब्रेड-बिस्किटं-चीज-सॉस-इन्स्टंट नूडल्स यातलं सगळं धरायचं. लोक म्हणतात मी वरून मीठ घेतच नाही, पण पाकिटातल्या मिठाकडे लक्षच जात नाही, कारण तिथे बऱ्याचदा सोडियम म्हणून आकडा असतो तोही मिलिग्रॅममध्ये. त्या आकड्याला अडीचने गुणा, मीठ कळतं. समजा 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय तर ते झालं 2 ग्रॅम मीठ, म्हणजे 100 ग्रॅमचं पाकीट टीव्ही बघत एकट्याने संपवलं की दिवसाच्या कोट्यातलं 40 टक्के तिथेच गेलं, जेवण अजून बाकीच आहे. आणि गुलाबी मीठ, समुद्री मीठ हे पण मुख्यतः सोडियम क्लोराईडच असतं, बीपीसाठी वेगळं काही नाही.

साखरेचं गणित तर आणखी सोपं. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर 100 मिलीला 10 ग्रॅम साखर असेल तर अर्ध्या लिटरमध्ये 50 ग्रॅम, म्हणजे बारा-साडेबारा छोटे चमचे. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला डब्ल्यूएचओची दिवसाची कमाल मर्यादा साधारण 50 ग्रॅमच आहे, आणि निम्म्यावर आणली तर उत्तम असं तेच सांगतात. मध आणि फळांचा ज्यूसही याच हिशोबात येतो बरं का, अगदी घरी काढलेला असला तरी. फळ मात्र चावून खाल्लं तर त्यात येत नाही, कारण फायबर शाबूत असतं, साखर हळूहळू रक्तात जाते आणि पोटही भरतं. म्हणून ज्यूस सोडा, फळ खा.

आता वाढवायचं काय? भाज्या आणि फळं मिळून दिवसाला किमान 400 ग्रॅम, यात बटाटा धरत नाहीत. फायबर 25 ग्रॅम तरी, ते कडधान्यं, अख्खं धान्य, भाज्या, दाणे यातून आरामात मिळतं, पण एकदम वाढवू नका, गॅसने हैराण व्हाल आणि चार दिवसात सोडून द्याल. हळूहळू वाढवा, पाणी पण त्याबरोबर वाढवा. चहा-कॉफी जेवणाला चिकटून नको, तासाभराचं अंतर ठेवा, कारण वनस्पतीतून मिळणारं लोह त्यामुळे कमी शोषलं जातं, उलट जेवणात लिंबू किंवा टोमॅटो असेल तर व्हिटॅमिन सीमुळे जास्त शोषलं जातं. पूर्ण शाकाहारी असाल आणि दूधही घेत नसाल तर बी12 चा सप्लिमेंट खरंच लागतो, तिथे मी गोळीला नाही म्हणणार नाही. बाकीच्या पावडरी मात्र रिपोर्टमध्ये कमतरता दिसल्याशिवाय घेऊ नका.

वडिलांना शुगर आहे म्हणून तुम्हाला होणारच असं अजिबात समजू नका. अमेरिकेत एक मोठी ट्रायल झाली, 2002 मध्ये तिचे निकाल आले, प्रीडायबेटिस (म्हणजे शुगर नेहमीपेक्षा जास्त, पण अजून डायबेटिस म्हणण्याइतकी नाही) असलेल्या लोकांना वजन 7 टक्के कमी करणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम एवढं टार्गेट दिलं होतं, तर साधारण तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं, औषध न देता. मला स्वतःला हा आकडा फार धीर देणारा वाटतो, पेशंटलाही मी आवर्जून सांगते.

एकच काळजी घ्या. आईसाठी लो सोडियम मीठ आणायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. आणि तुम्ही स्वतः या महिन्यात बीपी मोजून घ्या, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी) करून घ्या, रिपोर्ट आले की इथेच कमेंटमध्ये टाका, मी बघून सांगते.