झोपेचे मार्क

"झोप लागत नाही" ही तक्रार जुनीच, पण हल्ली ती मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने झोपेला दिलेल्या मार्कांसकट येते. "काल 58च पडले हो!" असं सांगणारं आठवड्याला एखादं तरी भेटतंच. अचूक झोपेच्या या ध्यासाला 2017 मध्ये अमेरिकी संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही देऊन टाकलं.

बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई समुपदेशनासाठी आल्या, पंचेचाळिशीच्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घरात सकाळी चहाआधी मार्कांचं वाचन व्हायचं. नवऱ्याचे 84, यांचे 61. सासूबाईही विचारायच्या, "आज किती आले गं?" त्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री पावलांची यादी लागायची. 10,000 भरायला बाई अकरा वाजता हॉलमध्ये झपाझप फेऱ्या मारायच्या आणि घामेजल्या अंगाने आडव्या होऊन झोपेची वाट बघायच्या. मुळात हा आकडा रूढ झाला तो जपानमध्ये 1965 मध्ये विकायला आलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलं मोजणारं’, या यंत्राच्या नावावरून. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून नव्हे.

"आठ तास झोप झालीच पाहिजे ना?" विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे मनातले हट्टी ‘च’ तपासत, समुपदेशन करणाऱ्याचे कान त्या ‘च’पाशी टवकारतात. पण वाद घालून ‘च’ सुटत नाही. म्हणून 14 दिवसांची वही दिली. उठल्यावर अ‍ॅप न उघडता झोपेला स्वतः 10 पैकी गुण द्यायचे, रात्री किती वेळ जाग होती ते अंदाजाने लिहायचं. घड्याळ मनगटावर राहू दे, आकडे मात्र पंधराव्या दिवशी इथे बघू.

पंधराव्या दिवशी वही आणि मोबाइल शेजारी ठेवले. नवव्या रात्रीपुढे लिहिलं होतं: "2. मुलाच्या निकालाची काळजी. 1 ते 3 टक्क जागी. ह्यांची झोपमोड नको म्हणून हलले नाही." घड्याळाचे मार्क: 86.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे मी निपचित पडले होते, ते याने झोपेत धरलं?"

तेच झालं होतं. मनगटावरचं घड्याळ मुख्यतः हालचाल आणि नाडीवरून झोप ताडतं. गाढ झोप किती, स्वप्नांची किती हे नेमकं बघायचं तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदाव्या लागतात. हे पहिल्याच भेटीत सांगितलं असतं तर बाईंनी मान डोलावली असती आणि दुसऱ्या सकाळी अ‍ॅप उघडलं असतं.

आता घड्याळ रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला असतं. पावलं संध्याकाळी स्टेशनवरून चालत येताना होतील तितकी. उठायची वेळ रविवारीही सहाच. साधारण 20 मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात खुर्चीत बसायचं आणि डोळे जड झाल्यावरच परत आडवं व्हायचं. मिनिटं मोजायची नाहीत. पहिल्या आठवड्यात दिवसा पेंग येते, लोक दुपारी ताणून देतात आणि सगळं मुसळ केरात जातं. घोरताना श्वास अडकत असेल किंवा पुरेसं झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील, तर मात्र वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं.

सासूबाईंचा प्रश्न सुटायला महिना लागला. बाईंनी उत्तर ठरवून ठेवलं होतं: "मोजलेच नाहीत, आई."