तिला माफी मागायला कोणी शिकवलं?

"ताई, आम्ही ३ वर्षं म्युनिकला आहोत. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दीड. नवऱ्याच्या वाढदिवसाला घराजवळच्या गास्टहाउसमध्ये जेवायला गेलो. धाकट्याने ज्यूसचा ग्लास पाडला, चमचा आपटत बसला, मग भोकाड पसरलं. शेजारच्या टेबलवरच्या आजी सारख्या वळून बघत होत्या, मी सगळ्यांना सॉरी म्हणून म्हणून थकले. शेवटी निम्मं जेवण पॅक करून घरी आलो. नवरा म्हणतो, मुलं मोठी होईपर्यंत आता बाहेर जेवण बंद, इथल्या लोकांना मुलं चालत नाहीत. मोठी तशी खूप समजूतदार आहे, वेट्रेस जवळ आली की कोणी न सांगता भावाचा हात घट्ट धरते आणि खाली बघत 'एंटशुल्डिगुंग', म्हणजे 'माफ करा', म्हणते. प्रश्न धाकट्याचाच आहे. त्याला शांत कसं बसवू? मोबाइल द्यावा का?"
म्युनिकची एक आई

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्याला अडकले. ते वाक्य धाकट्याचं नाहीये.

धाकट्याचं आधी उरकते. दीड वर्षाचं पोर चमचा आपटणारच. संध्याकाळी साडेपाचला जा, तेव्हा गर्दी नसते. बसल्या बसल्या आधी त्याचं खाणं मागव, मोबाइल पर्समध्ये राहू दे, आणि रडायला लागला तर दोघांपैकी एकाने उचलून दोन मिनिटं बाहेर चक्कर मारून आणायची. झालं.

आता मोठीकडे ये. साडेचार वर्षांची मुलगी खुर्चीत बसलीये, तिने काही सांडलेलं नाही, ओरडली नाही, वेट्रेस फक्त मेन्यूकार्ड द्यायला आलीये आणि ही खाली मान घालून माफी मागतेय. तू त्याला समजूतदारपणा म्हणतेस? मला ते वाचून रात्री झोप लागली नाही. तू म्हणशील, ताई, हा शब्द तिथे वेटरला हाक मारायलाही वापरतात. वापरतात, माहितीये मला, माझी मुलं श्टुटगार्टला लहानाची मोठी झाली. पण हाक मारणारा माणूस मान वर करून मारतो, भावाचा हात धरून खाली बघत नाही. काहीही होण्याच्या आधीच ती माफी मागून मोकळी होतेय, कारण आपण इथे आलो हेच काहीतरी चुकलंय असं तिला वाटतंय. आणि हे तिला किटामध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत, कोणी शिकवलेलं नाही गं. दर वेळी दारातून आत शिरल्यापासून ती तुझं तोंड बघतेय, आणि "इथल्या लोकांना मुलं चालत नाहीत" हे बाबाचं वाक्यसुद्धा तिच्यासमोरच बोललं गेलं असणार. दोघांनी मिळून शिकवलंय.

नवऱ्याला माझ्याकडून सांग की हे वाक्य खरं नाही. २०१८ मध्ये तिकडे उत्तरेला रुगेन बेटावरच्या एका रेस्टॉरंटने संध्याकाळी ५ नंतर १४ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली तर त्याची देशभर बातमी झाली, लोक बाजूने आणि विरोधात भांडले. रोज सगळीकडे होणाऱ्या गोष्टीची कोणी बातमी करत नाही. त्याच देशाने २०११ साली कायद्यात दुरुस्ती केली की पाळणाघरातून, खेळाच्या मैदानातून येणारा मुलांचा आवाज हा सहसा त्रासदायक आवाजात धरायचा नाही. रेस्टॉरंटला तो कायदा लागू नाही, पण मुलं नकोशी असलेल्या देशाला असलं काही सुचेल का?

आणि त्या आजी. वळून बघणं तिथे फार चालतं, त्यात दर वेळी राग नसतो. समजा त्यांना खरंच राग आला होता, तरी ग्लास पडला तेव्हा एकदा सॉरी, टेबल पुसायला हात लावायचा, आणि पुन्हा जेवायला बसायचं. तुझं उरलेलं सगळं सॉरी कशाबद्दल होतं, सांग बरं मला?

तू लहानपणी आईबाबांबरोबर उडप्याकडे गेली असशीलच. सांबार सांडलं की पोऱ्या ओला फडका घेऊन यायचा, एका हाताने टेबल पुसायचा आणि निघताना गल्ल्यावरचे अण्णा हातावर बडीशेप ठेवायचे. तुझ्या आईने कोणाची माफी मागितलेली तुला आठवते का? म्युनिकमध्ये अण्णा नाहीत हे कबूल, पण तुझ्या मुलीला बाहेर जेवण म्हणजे काय हे ज्या आईकडे बघून कळणार, ती आई तर आहे ना तिथे.

बाकी सगळे तुला सांगतील की बिअरगार्टनला, उघड्यावरच्या बिअरच्या बागेत, जा. जाच. तुमच्या म्युनिकच्याच हिर्शगार्टनला जवळजवळ ८,००० माणसं बसतात, हरणं आहेत, घसरगुंड्या आहेत आणि घरचा डबासुद्धा नेता येतो. १८१२ मध्ये बव्हेरियाच्या राजाने बिअरवाल्यांना आपल्या तळघरापाशी बिअर विकू दिली पण ब्रेडशिवाय खायचं काही विकू दिलं नाही, म्हणून लोक घरून बांधून आणायला लागले ते आजतागायत, फक्त प्यायचं तिथलंच घ्यायचं. पोळीभाजी ने, दहीभात ने, मजा करा. पण तिथे कोणी कोणाकडे बघतच नाही, त्यामुळे मुलीच्या मनातलं तिथे निघणार नाही. ते जिथे बसलंय तिथेच जायला लागेल.

म्हणून याच शनिवारी त्याच गास्टहाउसमध्ये जा, चौघंही. आणि ऑर्डर मोठीने द्यायची. तिचं जर्मन तुझ्यापेक्षा चांगलं असणार, किटातल्या मुलांचं असतंच. स्वतःसाठी केझश्पेट्झले (चीज घातलेला पास्त्यासारखा पदार्थ) आणि अपफेलशोर्ले (सोडा घातलेला सफरचंदाचा रस), आणि भावासाठी रॉइबरटेलर. हे तुला माहीत नसेल तर सांगते, रॉइबरटेलर म्हणजे दरोडेखोराची ताटली, रिकामी प्लेट आणि काटा चमचा, मुलांनी आईबाबांच्या ताटातलं लुटून खायचं. कार्डावर नसली तरी मागितली की बहुतेक ठिकाणी मिळते. ज्या देशात पोरांच्या लुटालुटीसाठी वेगळी ताटली आहे तिथे तुझी मुलगी मान खाली घालून बसते, हे मला सहन होत नाही.

आज रात्री जेवताना प्रॅक्टिस करा. तू वेट्रेस हो, कमरेला टॉवेल बांध, हातात वही पेन्सिल घे आणि तिला विचार, काय आणू? ती सवयीने एंटशुल्डिगुंगच म्हणेल. तू हसू नकोस, तिला सुधरवू नकोस, "अगं असं नाही म्हणायचं" तर अजिबात नको. पेन्सिल वहीवर टेकवून नुसती उभी राहा, ती वर बघून काय हवंय ते सांगेपर्यंत.