मुलं बाहेरगावी गेल्यावर मोठा फ्लॅट विकून १९६० च्या सुमारास बांधलेलं ४५० चौरस फुटांचं घर घेतलं. सगळं तोडून नवं करावं का?

सगळं नको. निदान फरशीला तरी हात लावू नका. जुन्या मोझेक टाइल्स मशीनने पॉलिश करून घेतल्या की अशा उजळतात की बघत राहावं. सागवानी दारं-खिडक्या असतील तर त्याही घासून पॉलिश करा, असं लाकूड आता परवडत नाही.

पैसा आधी वायरिंगवर घाला. त्या काळच्या घरांत बरेचदा अर्थिंग धड नसतं. तांब्याची नवी वायर ओढून घ्या, आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवा. मग बाथरूम: खरबरीत टाइल्स, बाहेर उघडणारं दार, कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा. आज गुडघे ठणठणीत असले तरी हे आत्ताच करा, सत्तरीत पुन्हा फोडाफोड सोसत नाही. भिंत मात्र स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय पाडू नका. जुन्या इमारतींत अनेकदा छताचा भार भिंतींवरच असतो.

मुलांसाठी खोली अडवून ठेवू नका. ती दिवाळीत चार दिवस येतील, तेव्हा हॉलमधला दिवाण पुरेल. ती खोली तुमची करा. खिडकीशी आरामखुर्ची, शेजारी वाचायचा दिवा.